कसरतीच्या मॉडेल विमानाचा रडर मध्यावर परतत नाही, वेगात शेपूट हलते – सर्वो बदलू का?

सड्यावरचा_पायलट

नमस्कार मंडळी. विमान ५० सीसी पेट्रोल, बाल्सा-प्लायचं, पंखांचा पसारा २.२ मीटर, वजन आठ किलोच्या आत. रडरचा (शेपटीचा उभा हलता भाग) सर्वो (तो हलवणारी मोटर) कॅनॉपीखाली, ३५ किलो-सेंमीचा, तिथून मागे साधारण मीटरभर पुल-पुल केबल (दोन तारा, एकेक बाजू ओढणारी). बॅटरी दोन सेलची लिथियम-आयन, रिसीव्हरमध्येच जायरो (विमान आपोआप सरळ धरणारा). पावसाळाभर पेटीत होतं, आता रत्नागिरीच्या उत्तरेला कातळावर उडवतोय (ड्रोनच्या नकाशात झोन हिरवा आहे, आधीच बघून ठेवलाय).

तक्रारी अशा: डावा रडर देऊन स्टिक सोडली की एका जागी थांबतो, उजवा देऊन सोडली की दुसऱ्या जागी. मागच्या कडेला मोजलं तर फरक ३ ते ४ मिमी. जमिनीवर स्टिक मध्यावर असतानाही सर्वो गुणगुणतो. स्टॉल टर्न (उभं वर जाऊन रडरने बाजूला वळून खाली येणं) उजवीकडे स्वच्छ जातो, डावीकडे अर्ध्यावर रेंगाळतो. पूर्ण थ्रॉटलला खालून सरळ पास घेतला की शेपूट डावी-उजवी हलते. केबल कपलरवरून (टोकाचा आट्यांचा जोड) ताणली की जरा बरं वाटतं, पण थोड्या उड्डाणांत पुन्हा ढिली.

सबट्रिम (रेडिओतून सर्वोचा मध्य सरकवणं) देऊन बघितलं, एका बाजूचं जमतं तर दुसरी बिघडते. सर्वोच गेला असेल तर नवा मागवतो, पण किंमत बघता आधी विचारलेलं बरं.

बाल्सा_आणि_बोल्ट

सर्वो मागवू नका अजून. आणि सबट्रिम आधी शून्यावर आणा, नाहीतर पुढचं काहीच खरं दिसणार नाही.

सगळ्यात आधी शेपटीचं. वेगात शेपूट हलण्याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींचा उपाय अगदी वेगळा. जायरोचा गेन (दुरुस्तीचं प्रमाण) जास्त असला की वेग वाढल्यावर तो गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करतो, ती चुकली की उलटी करतो, आणि शेपूट मंद लयीत डोलते. दुसरं कारण ढिला रडर. तो हवेत फडफडायला लागला तर भर्रर्र असा आवाज येतो आणि काही सेकंदांत बिजागऱ्या किंवा अख्खा फिन (शेपटीचा उभा स्थिर भाग) उखडतो. त्यामुळे आवाज ऐकू आला तर क्षणात थ्रॉटल बंद, नाक हळू वर, वेग मारायचा आणि उतरवायचं. एक पास अजून घेऊन बघू, हे नको. पुढचं उड्डाण जमिनीवरच्या तपासण्या झाल्यावरच, तेही जायरो पूर्ण बंद ठेवून आणि अर्ध्या थ्रॉटलवर.

आता जमीन. इग्निशनचा स्विच बंद, प्लगची कॅप काढलेली, मगच शेपटीला हात. रेडिओ चालू करा, स्टिक मध्यावर, आणि रडरची मागची कड दोन बोटांत धरून हलकेच डावी-उजवी करा. या आकाराच्या विमानात १ ते दीड मिमीपेक्षा जास्त खेळ नको. जास्त असेल तर दुसऱ्या माणसाला रडर हलवायला सांगा आणि तुम्ही मागून पुढे एकेक सांधा बघत या: बिजागरी, हॉर्नचा (केबल अडकवायची रडरवरची दांडी) लाकडातला पाया, क्लेव्हिसची (चिमट्यासारखी कडी) पिन, केबलचा क्रिंप (तार दाबून धरणारी नळी), सर्वो आर्मचं (सर्वोवरची दांडी) भोक, आर्म आणि स्प्लाइन (सर्वोच्या शाफ्टचे दाते), आणि शेवटी सर्वो ज्या प्लायवर बसवलाय ती ट्रे. ट्रेकडे कोणी बघत नाही. पावसाळ्यात प्लाय फुगतं, नंतर सुकतं, आणि स्क्रूखालचं लाकूड चुरा होऊन बसलेलं असतं. सर्वो स्टिकबरोबर आधी स्वतः हलतो आणि मग रडर हलवतो. बोट सर्वोच्या कानावर ठेवलं की लगेच कळतं. तसं असेल तर स्क्रू काढून भोकात पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) सोडा, वाळू द्या, पुन्हा बसवा.

मग केबली सर्वोकडून सोडवा, टेलव्हीलच्या स्प्रिंगाही रडरपासून सोडवा, आणि विमान कुशीवर धरा. रडर आपल्या वजनाने खाली पडला पाहिजे. पडत नसेल तर बिजागरी जड आहे. सायनोच्या बिजागऱ्या असतील तर जास्तीचा गोंद सांध्यात गेलेला असतो. पिनवाल्या असतील तर आपल्याकडच्या हवेत पिन गंजते, वरून काही दिसत नाही. पिनवाल्यांवर हलक्या तेलाचा थेंब सुईने सोडा. तो लाकडावर सांडू देऊ नका, पुढे तिथे गोंद धरत नाही.

मध्यावर न येण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. सर्वो मध्यावर येतो, पण घर्षण इतकं असतं की शेवटचे दोन मिमी रडरला ओढायला केबलमध्ये ताण उरत नाही. मग माणूस केबल ताणतो, ताणल्यावर घर्षण आणखी वाढतं आणि सर्वो गुणगुणायला लागतो. ढिला दिसला म्हणून ताणला, ताणला म्हणून जड झाला, जड झाला म्हणून मध्यावर येईना. तुमचं वर्णन वाचून मला तरी हेच वाटतंय.

खाडीपलीकडे

वरचं सगळं बरोबर, त्यात दोन गोष्टी घालतो.

स्टॉल टर्न डावीकडे अडतो ही फार कामाची खूण आहे. आपल्या नेहमीच्या इंजिनांचा पंखा मागून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि त्याच्या वाऱ्याचा मळसूत्री झोत फिनवर असा आदळतो की नाक डावीकडे जायला बघतं. म्हणजे डावा स्टॉल टर्न सोपा जायला हवा. तुमच्याकडे तोच अडतोय, म्हणून इंजिनाच्या कोनावर शंका न घेता रडरच्या डाव्या हॉर्नला जाणारी केबल धरा. डावा रडर देताना सगळा भार तीच ओढते.

हे मोजता येतं. मासळी किंवा सामान तोलायचा हातातला आकडेवाला काटा घ्या. बिजागरीच्या रेषेपासून २० सेंमीवर रडरला रुंद चिकटपट्टीचा पट्टा लावा, त्यात काटा अडकवा. स्टिक पूर्ण डावी धरा आणि काट्याने रडर उलट्या दिशेला, काटकोनात, १ किलो दाखवेपर्यंत ओढा. २० सेंमीवर १ किलो म्हणजे २० किलो-सेंमी, तुमच्या सर्वोला हे सहज पेलायला हवं. रडर किती मागे सरकला ते पट्टीने मोजा. मग हेच उजवीकडे. दोन्ही बाजूंना सारखाच आणि थोडा सरकला तर तो केबलचा नैसर्गिक ताण. एकाच बाजूला जास्त सरकला तर त्या बाजूची केबल, क्रिंप किंवा हॉर्न.

गुणगुणण्याचंही मोजून घ्या. रडरच्या सर्वोच्या वायरमध्ये मीटर लावून स्टिक मध्यावर ठेवून करंट बघा, आधी केबली सोडवून, मग जोडून. केबल सोडवल्यावरही सर्वो थरथरत असेल किंवा मध्य शोधत असेल तर मात्र त्याचा पॉट (आर्म कुठे आहे ते ओळखणारा भाग) झिजला. नाहीतर सर्वो निर्दोष.

गिअरचा खेळही केबल काढलेल्या अवस्थेतच तपासा. आर्म धरून हलवा, स्टिक मध्यावर आणि नंतर अर्ध्यावर. दात मध्यावरच जास्त झिजतात, कारण सगळा वेळ तिथेच जातो. मध्यावर खेळ आहे आणि अर्ध्यावर नाही, असं असेल तर सर्वो न बदलता फक्त गिअरसेट बदलला तरी भागतं.

सड्यावरचा_पायलट

काल सगळं उघडलं. आकडे देतो.

ट्रे घट्ट, गिअरमध्ये खेळ जवळपास नाही. टेलव्हील सोडवल्यावर रडर आपोआप पडतो, स्प्रिंगा जोडल्या की मध्येच अडकून राहतो. करंट केबल सोडवून ०.०५ अँपियर, जोडल्यावर ०.४. काट्याची चाचणी: उजवीकडे ६ मिमी सरकला, डावीकडे २२ मिमी, आणि काटा सोडल्यावर पूर्ण परतही आला नाही.

डावी केबल काढली तर हॉर्नकडची पितळी नळी हिरवी पडलेली, आणि नायलॉनच्या आवरणाखाली तार तपकिरी. आवरण ब्लेडने सोलल्यावर दोन पदर तुटलेले निघाले. केबल किटबरोबर आलेलीच होती.

आणखी एक दिसलं: रडरच्या हॉर्नची भोकं बिजागरीच्या रेषेवर नाहीत, ६ मिमी मागे आहेत. सर्वो आर्म सरळ आहे. पूर्ण थ्रोला (रडर पूर्ण वळल्यावर) न ओढणारी केबल लोंबते, म्हणूनच मी ती मध्यावर एवढी ताणत होतो. हे चालतं का?

खाडीपलीकडे

चालत नाही, आणि तुमचं अर्धं दुखणं तेच आहे.

पुल-पुल ही समांतरभुज चौकटीसारखी चालते. आर्म आणि हॉर्न सारख्याच रुंदीचे, दोन्हीची भोकं आपापल्या फिरण्याच्या अक्षाच्या रेषेत, तर कितीही वळवा, दोन्ही केबलींना लागणारी लांबी तीच राहते. हॉर्नची भोकं बिजागरीच्या मागे गेली की रडर वळताना ती पुढे सरकतात आणि दोन्हीकडचं अंतर कमी होतं. किती, तर सरकलेलं अंतर गुणिले (१ वजा त्या कोनाची कोसाइन). तुमचे ६ मिमी आणि ४५ अंशांचा थ्रो धरला तर ६ × ०.२९, म्हणजे साधारण पावणेदोन मिमी ढिलाई. भोकं बिजागरीच्या पुढे असती तर उलट झालं असतं. पूर्ण थ्रोला केबल ताणत जाऊन सर्वोच अडकला असता, ते जास्त वाईट.

उपाय दोन. एक तर हॉर्न पुढे सरकवून भोकं बरोबर बिजागरीवर आणायची. ते जमत नसेल तर ऑफसेट आर्म घ्यायचा, ज्याची भोकं सर्वोच्या शाफ्टपासून तेवढीच, ६ मिमी, आणि त्याच दिशेला म्हणजे शेपटीकडे सरकलेली असतात. दिशा उलटी लावली तर ढिलाई दुप्पट होईल, तेव्हा बसवताना डोळे उघडे ठेवा. असे आर्म तयार मिळतात. न मिळाल्यास २ मिमी जाडीच्या जी-१० फायबरच्या पट्टीतून कापून सरळ आर्मवर दोन बोल्टांनी बसवता येतो.

आर्म बसवताना सबट्रिम शून्य, आर्म विमानाच्या मधल्या रेषेशी काटकोनात. थोडा तिरका बसत असेल तर काढून एक दात फिरवून बघा. २५ दातांच्या स्प्लाइनला एक दात म्हणजे १४.४ अंश, तेव्हा उरलेला फरकच तेवढा सबट्रिमने घ्या. मधल्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक, फक्त धातूच्या दातांवर. प्लास्टिकच्या आर्मला ते लागलं तर आर्म तडकतो.

बाल्सा_आणि_बोल्ट

केबलचं मी सांगतो. किटातली फेकून द्या, दोन्ही बाजूंची. उजवीही त्याच हवेत होती.

नवी म्हणून मासेमारीच्या दुकानात मिळणारी नायलॉनचं आवरण असलेली स्टेनलेस ट्रेस वायर घ्या, ९० पौंडी पुरे. हिशेब बघा: आर्मच्या मध्यापासून भोकापर्यंत ३८ मिमी धरले तर ३५ किलो-सेंमीचा सर्वो जास्तीत जास्त ९ किलोच्या आसपास ओढतो. ९० पौंड म्हणजे ४० किलो. चौपट जागा आहे, त्यामुळे तार तुटायची भीती नाही, सुटते ती क्रिंपमधून. म्हणून क्रिंप नीट करा. नळीतून तार, मग कपलरच्या भोकातून, परत नळीतून, लहान वळसा घेऊन तिसऱ्यांदा नळीतून, मग ओढून घट्ट करायची. नळी सपाट तोंडाच्या पकडीने दोन-तीन जागी दाबायची. तार कापायच्या धारदार जबड्याने दाबली तर पदर आतच तुटतात आणि बाहेरून काम सुंदर दिसतं. डाख (सोल्डर) देऊ नका. स्टेनलेसला साध्या फ्लक्सने डाख धरत नाही, आणि ॲसिडचा वापरला तर उरलेलं ॲसिड पदरांत शिरून महिन्याभरात तार खातं.

झाल्यावर क्रिंपसकट केबलला १५ किलोचा भार टांगून बघा. सरकला तर आत्ता सरकू दे.

कपलरचे आटे क्लेव्हिसमध्ये किमान सहा-सात जायला हवेत, वर लॉकनट. मोठ्या विमानांतही टर्नबकलच्या बॅरलबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत असा नियम आहे, तोच विचार.

ताणताना रडर आणि फिन यांना दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या लावून चिमट्याने मध्यावर बांधून टाका. मग दोन्ही कपलर आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा. केबलच्या मध्यावर बोटाने दाबल्यावर ४-५ मिमी झुकली पाहिजे. टिचकी मारल्यावर एकतारीसारखी वाजली तर जास्त झाली, परत सोडा. आणि हे काम सावलीत करा. १ मीटर स्टेनलेस तार २० अंशांनी तापली की साधारण ०.३ मिमी लांबते, बाल्सा तेवढं वाढत नाही, त्यामुळे कातळावर दुपारी केबल थोडी ढिली वाटणारच. तिथे उभं राहून पुन्हा ताणायची नाही.

क्रिंपवर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, खारं वारं आत जात नाही.

तळकोकण_आरसी

हीटश्रिंकला माझा विरोध. खारा ओलावा आत शिरायचा तो शिरतोच, बाहेर मात्र पडत नाही, आणि हिरवं पडलेलं दिसायचं बंद होतं. उघडं ठेवा, लिथियम ग्रीसचं बोट फिरवा. प्रत्येक वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेपूट आणि केबलची बाहेरची टोकं पुसा, मग कोरडं फडकं. महिन्यातून एकदा केबलवरून कापूस फिरवायचा. तुटलेला पदर असेल तिथे कापूस अडकतो. केबल फ्यूजलाजमधून बाहेर पडते त्या फटीत ती कडेला घासते का तेही बघा, आवरण तिथेच पहिलं फाटतं. पुळणीवर उडवणाऱ्यांनी हे सगळं दुप्पट वेळा करावं.

आता टेलव्हील, कारण रडर अडकतोय तो तिथे. स्प्रिंगा फार कडक आहेत किंवा ताणून लावल्यात. स्टिक मध्यावर असताना स्प्रिंगांत किंचित ढिलाई असली पाहिजे, मग जमिनीवर चाक थोडं उशिरा वळलं तरी हरकत नाही. कातळावर हे फार महत्त्वाचं आहे. जांभ्याच्या खड्ड्यात चाक आदळलं की कडक स्प्रिंगमधून झटका रडरला, रडरमधून केबलला आणि तिथून सरळ सर्वोच्या दातांना. तुमचा क्रिंप गंजलेला होताच, पण तो सरकवला या झटक्यांनी असं मला वाटतं. चाकाच्या खुंटीत लाल माती बसून ती जड झाली असेल तर काढून धुवा, ग्रीस लावा.

हवेतलं एकच. दुरुस्ती झाल्यावर लगेच मिक्स (रेडिओतली आपोआप दुरुस्ती) टाकायला जाऊ नका. सकाळी मतलई वारे पडल्यावर आणि खारे वारे सुरू व्हायच्या आधी, जायरो बंद, अर्ध्या थ्रॉटलवर रडरचा ट्रिम सरळ करा. मग पूर्ण थ्रॉटलला उभी रेषा. वर जाताना नाक डावीकडे ढळलं तर तो इंजिनाचा उजवा कोन कमी आहे, फायरवॉलवर (इंजिन बसवलेली फळी) वॉशर लागेल, रडरला हात लावायचा नाही. त्यानंतर नाईफ-एज (पंख उभे ठेवून कुशीवर उडवणं) दोन्ही बाजूंनी, आणि मगच जायरोचा गेन शून्यापासून थोडा थोडा वर. शेपूट डोलायला लागली की दोन पायऱ्या मागे.

सड्यावरचा_पायलट

आभारी आहे सगळ्यांचा. ऑफसेट आर्म आणि ट्रेस वायर दोन्ही मिळाले. शेवटचा प्रश्न: बिजागरीच्या फटीवर चिकटपट्टी लावावी का? फट दीड मिमीच्या आसपास आहे.

खाडीपलीकडे

लावा. फटीतून हवा इकडची तिकडे गेली की नाईफ-एजला रडर कमी पडतो. रडर एका बाजूला पूर्ण वळवून त्या अवस्थेत उघडलेल्या बाजूला पारदर्शक पट्टी खोलवर बसवा, म्हणजे दुसऱ्या बाजूला वळताना ती ताणणार नाही. एकाच बाजूने लावा. लावल्यावर केबल पुन्हा सोडवून कुशीवरची चाचणी करा, रडर आपोआप पडला पाहिजे. पडला नाही तर पट्टी काढून परत लावा.